मुलाखत गेली, टेबल राहिले

महाराष्ट्रात एमबीबीएसच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला आज कोणी विचारत नाही की, बाबा रे, तुला डॉक्टर का व्हायचे आहे? नीटचे गुण, राज्य सीईटी कक्षाची गुणवत्ता यादी, नेट कॅफेत बसून भरलेला पसंतीक्रम आणि मग एकामागून एक फेऱ्या, असा सगळा मामला. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी, हा ठळक अपवाद. तिथे नीटनंतर निवडक मुलांना बोलावतात, इंग्रजी आणि तर्काची वेगळी चाचणी घेतात आणि समोर बसवून पन्नास गुणांची मुलाखतही घेतात. बाकी राज्यात मुलाखत इतिहासजमा झाली. या अंकासाठी संपादकांनी 'निवड' हा विषय धरला, तेव्हा पहिला विचार हाच आला की, मुलाखत गेली म्हणजे त्या दिवशी होणारा अन्यायही गेला असेल. कारंजा लाडसारख्या गावातून या प्रवेशाकडे पाहिले की तसे वाटेनासे होते.

कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मगाव, गुरुमंदिराचे आणि जुन्या जैन मंदिरांचे गाव, कापूस-सोयाबीन-तुरीची बाजारपेठ. वाशिम, अकोला, अमरावती आणि यवतमाळ ही चारही जिल्ह्याची गावे एसटीने दीड-दोन तासांच्या टप्प्यात. वैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत हे गाव परवापरवापर्यंत कडेलाच होते. यवतमाळचे शासकीय महाविद्यालय १९८९ चे, अकोल्याचे २००२ चे. वाशिमला मात्र शंभर जागांचे शासकीय महाविद्यालय यायला २०२४ उजाडले. त्या वर्षी ९ ऑक्टोबरला राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांचे एकदम उद्घाटन झाले, त्यांत हे एक. जागा जवळ आली हे खरेच. पण जागेपर्यंतची वाट कागदांची आहे, आणि त्या वाटेवर जागोजागी एकेक टेबल आहे.

निकालानंतरच्या आठवड्यांत तालुक्याच्या कोणत्याही सेतू केंद्रासमोर ही वाट दिसते. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, डोमिसाईल, जातीचा दाखला, ३१ मार्चला मुदत संपणारे नॉन-क्रिमीलेअर आणि सगळ्यांत वर, मिळालेली असेल तर, व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचे प्रमाणपत्र. फोल्डर बहुधा बापाच्या हातात असते आणि मोबाइल मुलीच्या. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याचा. त्याची पडताळणी जिल्हा समितीकडे. अर्जदार अनुसूचित जमातीचा असेल तर समिती वेगळी आणि ती जिल्ह्याबाहेर. जुन्या नोंदी बऱ्याचदा अकोल्याला, कारण वाशिम जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ चा. मूळ कागद दाखवायचे मिळालेल्या महाविद्यालयात, आणि तिथे बिनसलेच तर उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला. यातल्या प्रत्येक ठिकाणी एक माणूस कागद हातात घेतो, मान वर करून मुलाकडे पाहतो आणि काहीतरी ठरवतो. मुलाखतीत याहून वेगळे काय होत होते?

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. मुलाखत अन्यायकारक ठरत होती ती माणूस माणसाला तोलत होता म्हणून नव्हे. तोलणाऱ्याला आपल्या निर्णयाची कारणे कुठेही लिहून ठेवावी लागत नव्हती म्हणून. मुलाखत बंद करताना आपण माणूस हटवला. बिननोंदीचा अधिकार मात्र टेबल बदलून तसाच राहिला.

तीन मिनिटांचे गुण

मुलाखतीच्या गुणांचे भांडण आपल्याकडे जुने आहे. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशासाठी मुलाखत ठेवली. तिचे गुण ऐच्छिक विषयांच्या कमाल गुणांच्या पंचवीस टक्के. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बहुमताने उचलून धरली. न्या. मुधोळकर यांचे मत तेवढे विरोधात गेले. पुढे तमिळनाडूत वैद्यकीय प्रवेशाला मुलाखतीचे पंचाहत्तर गुण होते. कोणत्या गोष्टीला किती गुण द्यायचे, याचे रकाने नियमांत ठरलेले होते. १९७० मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा दिसले की रकाने कागदावरच राहिले आणि गुण एकगठ्ठा दिले गेले. न्यायालयाला हे मान्य झाले नाही. मुलाखत वाईट आहे, असे काही न्यायालय म्हणाले नव्हते. हिशेब न ठेवता गुण देणे चूक, एवढाच त्याचा रोख होता.

श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रकरण त्याहून बोलके. लेखी परीक्षेला शंभर गुण, मुलाखतीला पन्नास. लेखीत आणि बारावीत मागे असलेली मुले मुलाखतीच्या जोरावर आत गेली आणि पुढे असलेली बाहेर राहिली. तक्रार अशी की मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि प्रश्न काय, तर वडील कोण, राहता कुठे. १९८० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की एकूण गुणांचा एकतृतीयांश वाटा तोंडी मुलाखतीला देणे मनमानी आहे. पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ नये. निकालपत्रातली आणखी एक सूचना सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करावे, म्हणजे पुढे तक्रार झाली तर तपासता येईल, असे न्यायालयाने सुचवले होते. चाळीसहून अधिक वर्षे लोटली. पंधरा टक्क्यांचा आकडा वकिलांच्या तोंडी बसला आणि टेपरेकॉर्डर विस्मरणात गेला. माझ्या मते त्या निकालातली खरी दूरदृष्टी टेपरेकॉर्डरमध्ये होती.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. डॉक्टर म्हणजे नुसते गुण नव्हेत. रुग्णाशी चार शब्द नीट बोलता न येणारा अव्वल विद्यार्थी घेऊन करायचे काय? मुलाखतीशिवाय माणूस कळत नाही. हे ऐकायला पटते, पण पुरावा उलटा आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाने आठशे उमेदवारांच्या मुलाखती घेऊन वरचे दीडशे निवडले. मग राज्याच्या विधिमंडळाने आयत्या वेळी आणखी पन्नास जागा भरायला लावल्या. तोवर चांगली मुले इतरत्र गेलेली. म्हणून यादीच्या तळाच्या शंभरांतून, म्हणजे मुलाखतीत नापसंत ठरलेल्यांतून, पन्नास घ्यावी लागली. पुढे अभ्यासात, वॉर्डात आणि पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ज्यांना माणूस पारखायचाच आहे, त्यांनीही एका टेबलावरचा विश्वास सोडला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २००४ च्या सुमारास छोट्या छोट्या अनेक मुलाखतींची साखळी बसवली. प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक, वेगळा प्रसंग, वेगळे गुण. एकाची मर्जी किंवा खप्पामर्जी सगळ्या निकालावर स्वार होऊ नये, हा हेतू.

आपल्या विदर्भात सेवाग्रामने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले होते. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या तिथल्या महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. नीट आली आणि तो प्रयोग थांबला. पाठ करून गांधीवादी होता येते, अशी थट्टा त्यावर होई, आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण त्या पद्धतीत निदान उत्तरपत्रिका मागे उरत होती. एएफएमसीच्या मुलाखतीबद्दल मात्र मुलींच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायलाच हवी: तिथल्या १४५ जागांपैकी मुलींसाठी वर्षानुवर्षे तीसच ठेवलेल्या आहेत. मुलाखत कितीही निष्पक्ष झाली, तरी मुलींच्या वाट्याला येणारी रांग मुळातच अधिक लांब आहे.

वाशिमच्या केंद्राच्या दारात

आता मुलाखतीची जागा परीक्षेच्या दाराने कशी घेतली ते पाहू. १७ जुलै २०२२ च्या नीटच्या दिवशी वाशिम शहरातल्या एका केंद्रावर काही मुस्लिम मुलींना बुरखा आणि हिजाब उतरवायला लावल्याची तक्रार झाली. पालक पोलिसांकडे गेले. त्याच दिवशी केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या आयूर इथल्या केंद्रावर मुलींना अंतर्वस्त्रे काढायला लावल्याची तक्रार झाली. तिथे गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या आणि त्या मुलींना ४ सप्टेंबरला पुन्हा परीक्षेला बसण्याची मुभा मिळाली.

नियम काय होते? परंपरागत पोशाख घालणाऱ्या उमेदवारांनी लवकर यावे, म्हणजे तपासणीला वेळ मिळेल. मुलींची तपासणी महिलांनीच आणि बंदिस्त जागेत करावी. म्हणजे हिजाबला नियमाची मनाई नव्हती, तपासणीची अट होती. पण नियम माहितीपुस्तिकेत असतो आणि दारावर त्या दिवसापुरता नेमलेला माणूस असतो. दीड वाजता दार बंद होणार आहे, मागे रांग आहे, वर्षभराचा अभ्यास आतल्या बाकावर वाट पाहतो आहे; अशा क्षणी सतरा-अठरा वर्षांची मुलगी नियमपुस्तिका उघडून हुज्जत घालू शकत नाही. ती सांगतील ते करते आणि आत जाते. आत गेल्यावर पेपर कसा गेला असेल, हे कोणत्याही गुणपत्रिकेवर येत नाही.

यावर कोणी म्हणेल, कॉपीच्या टोळ्या एवढ्या मोकाट असताना तपासणी सैल कशी ठेवणार? तपासणी सैल ठेवा असे कोण म्हणते? ब्लूटूथ शोधायचेच आहे, तर महिला कर्मचाऱ्याने पडद्याआड शोधावे आणि नियमाबाहेरचे काही उतरवायला लावले तर तसे कारणासह लिहून सही करावी. सही करायची म्हटले की माणूस नियम पुन्हा एकदा वाचतो. तसेही २०२४ च्या पेपरफुटीने दाखवून दिले की मोठी चोरी मुलींच्या ओढणीतून होत नाही. ती प्रश्नपत्रिकेच्या पेटीपाशी होते.

आजोबांच्या शाळेचा दाखला

सगळ्यांत लांबलेली मुलाखत मात्र जात पडताळणीत होते, आणि तिला मुलाखत असे कोणी म्हणत नाही. राज्याचा याबाबतचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे. पण पडताळणीची आजची चौकट त्याआधीची, १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणातली. तो वाद महाराष्ट्रातल्याच दोन बहिणींच्या महादेव कोळी या दाव्याचा आणि वैद्यकीय शाखेच्या प्रवेशाचा होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यात छाननी समित्या, दक्षता पथक आणि आप्तभाव चाचणी अशी सगळी मांडणी घालून दिली.

आप्तभाव चाचणी म्हणजे दक्षता पथकाने घरी येऊन विचारायचे: कुलदैवत कोणते, लग्नात कोणता विधी, मर्तिकाला काय करता, बोलीत याला काय म्हणतात. उत्तरे जमातीच्या ठरीव वर्णनाशी जुळली तर आप्तभाव सिद्ध, नाही तर असिद्ध. जीवशास्त्राचे पाठांतर करणाऱ्या, कारंज्यात किंवा अकोल्यात भाड्याच्या खोलीत वाढलेल्या मुलीच्या बापाला हे विचारले जाते, आणि त्याला आठवेल तेवढ्यावर मुलीची जागा ठरते. श्रीनगरच्या मुलांना वडील कोण, राहता कुठे, असे विचारले गेले म्हणून घटनापीठाने नाराजी दाखवली होती. इथे नेमके तेच प्रश्न शासकीय नमुन्यात छापलेले आहेत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्थलांतर आणि आधुनिक राहणीमुळे जुन्या खुणा पुसल्या जातात, तेव्हा स्वातंत्र्यपूर्व कागदांना अधिक वजन द्यावे. २४ मार्च २०२३ ला ठाकूर जमातीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी आणखी स्पष्ट केले की आप्तभाव ही अंतिम कसोटी नव्हे, आणि कागदांवर समितीचे समाधान होत असेल तर प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवायचीही गरज नाही.

कागदांवर यावे, तर तिथे वऱ्हाडाचा इतिहास आडवा येतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ आणि ओबीसींसाठी १९६७ या मानीव दिनांकांआधीचे वास्तव्य आणि जात दाखवावी लागते. कारंजा स्वातंत्र्याच्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातले. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली जन्मनोंद, असे काही सापडले तर सापडले. शिवाय विदर्भातल्या बऱ्याच जमातींना अनुसूचित दर्जा मेळघाट, गडचिरोली, केळापूर, वणी अशा ठरावीक तालुक्यांपुरताच होता. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या दुरुस्तीने उठले. त्याआधी कारंज्याकडच्या आदिवासी बापाला मुलाचे नाव शाळेत घालताना जमात काटेकोर लिहून घेण्याने काहीच मिळणार नव्हते. मास्तरांनी कानाला वाटले ते लिहिले. त्या अक्षरांवर आज नातीचे एमबीबीएस अडते, आणि अडवणाऱ्या आदेशात १९७६ चा उल्लेख असेलच असे नाही.

पण बोगस दाखल्यांचे काय?

हा सगळ्यांत वजनदार आक्षेप, आणि तो विदर्भाने स्वतः भोगलेला आहे. १९८५-८६ मध्ये हलबा म्हणून राखीव जागेवर एमबीबीएसला गेलेल्या एका विद्यार्थ्याचे प्रकरण घटनापीठापुढे निकाली निघाले नोव्हेंबर २००० मध्ये. न्यायालयाने सांगितले की हलबा-कोष्टी ही अनुसूचित जमात नाही. पण पंधरा वर्षे लोटली, सरकारचा पैसा खर्च झाला, विद्यार्थी डॉक्टर होऊन बसला, म्हणून पदवी राहू द्यावी. पदवी राहिली आणि खऱ्या आदिवासी मुलाची त्या वर्षीची जागा कायमची गेली. २०१७ च्या निकालाने अशी अभयदाने बंद केली, ते योग्यच झाले. पडताळणी हवीच. खऱ्या गोंडाच्या, कोरकूच्या, आंधाच्या मुलासाठी ती ढाल आहे.

पण हीच गोष्ट पुन्हा वाचा. त्या प्रकरणात आदिवासींचे नुकसान कशाने झाले? चौकशी मवाळ होती म्हणून कमी आणि प्रकरण पंधरा वर्षे चालले म्हणून जास्त. सावकाश निकाल देणारी समिती लबाडाच्या पथ्यावर पडते. प्रवेशाच्या तारखेपर्यंत निकाल न मिळाल्याने मारला जातो तो प्रामाणिक. बारावी विज्ञानाला असतानाच महाविद्यालयामार्फत पडताळणीचा अर्ज करण्याची सोय नियमांत आहे. वडिलांना किंवा सख्ख्या चुलत्याला रीतसर चौकशी होऊन व्हॅलिडिटी मिळालेली असेल, तर मुलाला पुन्हा शून्यापासून तपासू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलेले आहे. तरीही फेऱ्या सुरू झाल्या की दरवर्षी 'त्रुटी आहे, पुन्हा या' हे वाक्य समित्यांच्या दारात ऐकू येते. २०२४ मध्ये सरकारला इतर मागास आणि एसईबीसी विद्यार्थ्यांना सहा महिन्यांची मुदत द्यावी लागली, यातच कबुली आली. मुदतवाढ ही मेहरबानी म्हणून येते; निर्णय वेळेत आणि कारणासह मिळणे हा मात्र हक्क आहे. तो मेहरबानीत जिरवणे सरकारला सोयीचे पडते.

यंत्राने ठेवलेला पुरावा

मग सगळेच यंत्रावर सोपवावे का? लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयाने नेमके तेच केले होते. मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवणारा संगणकीय कार्यक्रम तिथल्या एका डॉक्टरने १९७० च्या दशकाच्या अखेरीस लिहिला. माणसांनी आधी केलेल्या निवडीशी तो नव्वद टक्क्यांहून अधिक जुळे, याचे कौतुक झाले. १९८६ मध्ये तिथल्याच दोन अध्यापकांनी आतली आकडेमोड बाहेर काढली. स्त्री असेल तर गुण कमी. नाव युरोपीय वाटत नसेल तर आणखी कमी. १९८८ मध्ये ब्रिटनच्या वांशिक समता आयोगाने महाविद्यालयाला दोषी ठरवले. वर्षाला साठेक उमेदवारांची मुलाखत केवळ लिंग किंवा वंशामुळे हुकली असावी, असा अंदाज निघाला.

या प्रकरणाचा धडा साधारणपणे 'यंत्रही पक्षपाती असते' असा सांगितला जातो. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. यंत्र माणसांकडूनच पक्षपात शिकले होते, म्हणजे आधीची माणसे तेवढीच पक्षपाती होती. ती सापडली नाहीत, कारण त्यांनी नोंद ठेवली नव्हती. यंत्राने वजाबाकी लिहून ठेवली म्हणून पकडले गेले.

आपल्याकडे २०२४ च्या नीटमध्ये हेच वेगळ्या रूपात दिसले. काही केंद्रांवर पेपर उशिरा मिळाले, वेळ वाया गेला. जे विद्यार्थी उच्च न्यायालयांत गेले, त्यांच्यामुळे प्रश्न वर आला. मग परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या समितीने सीसीटीव्हीचे चित्रण आणि केंद्रांचे अहवाल पाहून १,५६३ जणांना वाढीव गुण दिले. त्यावर एवढा गदारोळ झाला की गुण मागे घेऊन २३ जूनला फेरपरीक्षा ठेवावी लागली. गुण देण्याची रीत चुकीची असेल. पण गेलेला वेळ मोजता आला तो कॅमेऱ्यामुळे, हे विसरू नये. पडताळणीच्या सुनावणीत किंवा महाविद्यालयाच्या प्रवेश कक्षात गेलेली संधी कशाने मोजणार?

न्यायालय आहे ना

शेवटचा आक्षेप नेहमीचा: अन्याय झाला तर न्यायालयात जा. कारंज्याहून नागपूर समृद्धी महामार्गाने आता जवळ आले, हे मान्य. पण प्रवेशाच्या फेरीत महाविद्यालयात हजर होण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. वकील गाठायचा, कागद जमवायचे, याचिका दाखल व्हायची, तोवर जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याच्या नावावर चढलेली असते. मग त्या दुसऱ्या मुलाचा काय दोष, असा नवा पेच. श्रीनगरच्या प्रकरणातही निकाल येईपर्यंत सुमारे दीड वर्ष गेले होते, म्हणून मनमानी सिद्ध होऊनही आधीचे प्रवेश रद्द झाले नाहीत. डिसेंबर २०१९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाट थोडी रुंद केली. विद्यार्थी तातडीने आला असेल आणि त्याची चूक नसेल, तर मुदतीनंतर महिनाभरात जागा देता येईल, नाही तर पुढच्या वर्षीची, आणि नुकसानभरपाईही. चांगली तरतूद आहे. फक्त ती वापरायची तर आपल्याला नेमके कोणी, केव्हा आणि कशासाठी नाकारले, हे दाखवावे लागते. तोंडी सांगितलेल्या 'नाही'ची प्रत न्यायालयाला कशी जोडणार?

म्हणून मागणी फार मोठी नाही. कागद नाकारणाऱ्या प्रत्येक टेबलावरून, मग ते परीक्षा केंद्राचे दार असो, समितीचा कक्ष असो की महाविद्यालयाची प्रवेश खिडकी, नकाराचे कारण, नियमाचा क्रमांक, वेळ आणि सही असलेली पोच उमेदवाराच्या हाती त्याच वेळी पडावी. समितीपुढच्या तोंडी चौकशीचे ध्वनिमुद्रण व्हावे. प्रत्येकाच्या खिशात ते यंत्र आहेच. आणि सीईटी कक्षाने फेरीची मुदत संपण्याआधी निकाल देईल असे अपिलाचे टेबल त्या फेरीपुरते चालू ठेवावे, तोवर ती जागा पुढे सरकवू नये. अधिकारी म्हणतील, हजारो अर्जांत एवढे लिहीत बसलो तर काम उरकणार कधी? पण हजारोंना नकार दिला जात नाही. बहुतेकांचे कागद पाच मिनिटांत पुढे जातात. लिहायचे आहे ते फक्त अडवलेल्यांपुरते. आणि अडवलेले खरोखरच हजारोंनी असतील, तर आकडा निदान सरकारला तरी कळू दे. आज तो कोणत्याही रजिस्टरात नाही, कारण 'उद्या या' ही नोंद कुठल्याच रकान्यात बसत नाही.